अर्धांगवायूनंतर वाचा गेली, म्हणजे नेमके काय गेले?

प्रश्न सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावाहून आला आहे. मुलगी लिहिते: वडील ६३ वर्षांचे आहेत, गावात किराणा मालाचे दुकान आहे. पाच महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. पाय सुधारला, आता ते काठी घेऊन चालतात. उजवा हात मात्र लुळाच आहे आणि बोलणे गेले ते गेलेच. काहीही विचारले तरी "तेच ना, तेच ना" एवढेच म्हणतात, पण संध्याकाळी देवापुढे आरती सुरू झाली की सगळ्यांबरोबर शब्दन्‌शब्द म्हणतात. त्यामुळे घरातील काहींना वाटते की ते मनावर घेत नाहीत, तर काही म्हणतात की डोक्यावर परिणाम झाला आहे. चुलते जिभेला वेखंड आणि मध चोळायला सांगतात. दवाखान्यातून घरी सोडताना "बोलणे हळूहळू आपोआप येईल" असे सांगितले होते. वडिलांची समज शाबूत आहे का, बोलणे परत येईल का, आणि आम्ही घरी काय करावे?

तुमच्या पत्रातील एक मजकूर मी पुन्हा पुन्हा वाचला. परवा तुम्ही गल्ल्यावर बसला होता, एका गिऱ्हाइकाला दहा रुपये जास्त परत जात होते, आणि वडिलांनी डाव्या हाताने टेबलावर थाप मारून "तेच ना!" म्हणत तुमच्या हातातील नोटेकडे बोट दाखवले, असे तुम्ही सहज लिहून गेला आहात. डोक्यावर परिणाम झालेल्या माणसाला मालाची बेरीज मनात धरून समोरची चूक पकडता येत नाही. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्या प्रसंगातच आहे. वडिलांची बुद्धी, माणसांची ओळख, व्यवहाराची जाण आणि स्वतःचा मान ही सगळी जागेवर आहेत. इथे एक बारकावा मात्र ध्यानात ठेवायला हवा. बुद्धी शाबूत असणे आणि कानावर पडलेले प्रत्येक वाक्य पूर्ण कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लांबलचक, घाईघाईने बोललेले किंवा दोन-तीन जण एकदम बोलत असताना कानावर आलेले वाक्य त्यांना अर्धेच कळत असण्याची शक्यता आहे. घरचे लोक एक तर "सगळे कळते, मुद्दाम बोलत नाहीत" असे धरून चालतात, नाही तर "काहीच कळत नाही" असे. आणि दोन्ही वेळा त्या माणसाची फार घुसमट होते.

या स्थितीला वाचाघात म्हणतात. डॉक्टरांच्या कागदावर अफेजिया असा शब्द असेल. अर्धांगवायूचा झटका आलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश रुग्णांना सुरुवातीला हा त्रास होतो, म्हणून तो मुळीच दुर्मीळ नाही; आपल्याकडे त्याचे नाव मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते. यात जीभ, ओठ, घसा आणि आवाज यांना मुख्य इजा झालेली नसते. जीभ जड होऊन बोलणे अस्पष्ट होणे हा वेगळा त्रास आहे, आणि त्यात माणसाला शब्द व्यवस्थित आठवतो, फक्त उच्चार नीट उमटत नाही. वाचाघातात अडचण त्याच्या आधीच्या पायरीवर असते: सांगायचे काय हे मनात स्पष्ट असते, पण त्या अर्थाला साजेसा शब्द शोधणे, त्या शब्दातील ध्वनी क्रमाने लावणे आणि त्या शब्दांचे वाक्य बांधणे हे मेंदूतील काम कोलमडलेले असते. म्हणून वाचणे आणि लिहिणेही बहुधा अडते. वेखंडाबद्दल मी चुलत्यांची माया समजू शकते, पण जिथे इजा नाही तिथे औषध चोळून उपयोग होणार नाही. शिवाय झटक्यानंतर काहींना गिळताना त्रास असतो, अशा वेळी तोंडात चिकट किंवा झणझणीत पदार्थ घालणे धोक्याचे आहे. पाणी पिताना त्यांना ठसका लागत असेल, तर ते डॉक्टरांना आजच सांगा. बोलण्यापेक्षाही ते आधी पाहिले पाहिजे.

उजवा हात आणि बोलणे एकदम का गेले, हेही घरच्यांनी समजून घ्यावे, म्हणजे "मनावर घेत नाहीत" हा आरोप आपोआप गळून पडेल. उजव्या हाताने काम करणाऱ्या शंभरातील सुमारे ९५ माणसांमध्ये भाषेचे मुख्य काम मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात चालते. डावखुऱ्यांतही सुमारे ७० टक्क्यांचे तसेच असते. शरीराची उजवी बाजूही तोच डावा भाग चालवतो. मिडल सेरेब्रल आर्टरी नावाची एकच रक्तवाहिनी या दोन्ही ठिकाणांना रक्त पुरवते. ती गुठळीने बंद झाली, की हात आणि बोलणे यांना एकाच वेळी फटका बसतो.

"तेच ना" बद्दल सांगण्यासाठी मला पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात जावे लागेल. तिथे लबोर्न नावाचा रुग्ण २१ वर्षे होता. त्याला काहीही विचारले तरी तो "तां, तां" एवढेच म्हणे, म्हणून तिथे त्याचे नावच तां पडले होते. १८६१ च्या एप्रिलमध्ये पॉल ब्रोका या शल्यचिकित्सकाने त्याला तपासले. इथे किती वर्षे आहेस, असे विचारल्यावर लबोर्नने हाताची पाच बोटे चार वेळा उघडून दाखवली आणि मग एक बोट वर केले. उत्तर अगदी बरोबर होते. काही दिवसांतच तो वारला. ब्रोका यांनी त्याचा मेंदू पाहिला तेव्हा डाव्या भागात पुढच्या बाजूला इजा आढळली. मेंदूचा तो प्रदेश आजही ब्रोका यांच्या नावाने ओळखला जातो. ब्रोका यांनी आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे: फार संतापला की लबोर्नच्या तोंडून एक पूर्ण शिवी स्वच्छ बाहेर पडे. तुमच्या वडिलांची बोटे, त्यांचे "तेच ना" आणि त्यांची आरती या तिन्ही गोष्टी त्या जुन्या टिपणात आधीच दिसतात.

आरती, पाढे, वारांची नावे, एक ते वीस अंक, "अरे देवा", रागातील शिवी हे सगळे लहानपणापासून हजारो वेळा एका दमात म्हटलेले असते. ते शब्द एकेक निवडून जोडावे लागत नाहीत. एक ओळ दुसरीला ओढून आणते, आणि चाल त्यांना धरून ठेवते. या कामात मेंदूच्या उजव्या भागाचा आणि खोलवरच्या भागांचा मोठा वाटा असतो, आणि वडिलांचे ते भाग वाचलेले आहेत. "मला पाणी दे" हे वाक्य मात्र दर वेळी नव्याने बांधावे लागते. आरती म्हणता येते आणि पाणी मागता येत नाही, यात लबाडी कुठेही नाही. ज्या माणसाने आयुष्यभर तोंडाने व्यवहार केला, त्याला आरतीतला प्रत्येक शब्द येतो आणि नातवाचे नाव येत नाही, तेव्हा त्याला काय वाटत असेल हे घरात एकदा सगळ्यांनी एकत्र बसून बोलावे, आणि तेही त्यांच्यासमोर बोलावे.

वाचाघाताचे एकच रूप नसते. वडिलांचे रूप, तुमच्या वर्णनावरून, अडखळत्या बोलण्याचे दिसते. दुसरे रूप याच्या उलट आहे. कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरांनी १८७४ साली, वयाच्या अवघ्या २६ व्या वर्षी, ते मांडले. त्यात मेंदूच्या मागच्या, कानाच्या बाजूच्या भागाला इजा होते. बोलणे धबधब्यासारखे चालू राहते, पण त्यात अर्थ उरत नाही, आणि समोरच्याचे बोलणेही कळत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे शिवणकाम करणाऱ्या एक बाई आल्या होत्या. काय झाले, असे विचारताच त्या हसतमुखाने म्हणाल्या, "ते कसं, ते वरचं मी टाकलेलं, मग तो बारका खाली गेला, आणि आपलं ते लावायचं ना, तेवढं झालं की झालं." आवाजातील चढउतार अगदी घरगुती गप्पांचे. हात-पाय ठीक होते, म्हणून अर्धांगवायूची शंका कुणालाच आली नव्हती आणि त्यांना महिनाभर वेडाची औषधे दिली गेली होती. एखादा माणूस एका दिवसात अचानक असंबद्ध बोलू लागला, तर तो मेंदूचा झटका असू शकतो, हे प्रत्येक घरात माहीत असायला हवे. बाकी प्रकार आहेत, त्यांची सरमिसळही होते. नेमका प्रकार तपासणीनंतरच ठरतो आणि त्यावर उपचाराची दिशा ठरते.

वडिलांना पुढे शब्द सुटू लागतील तेव्हा ते कसे ऐकू येतील, हे आधीच सांगून ठेवते, कारण त्या वेळी घरचे लोक निराश होतात. आपली मराठी शब्दाच्या शेपटाकडे बराच अर्थ ठेवते. "मुलाने गाडीने दवाखान्यात नेले" या वाक्यात "मुलगा" चे "मुला" होते, मग त्याला "ने" लागतो. "दवाखाना" चे "दवाखान्या" होते, मग "त" लागतो. क्रियापद कुणाशी जुळवायचे हे आणखी वेगळे. अडखळत्या वाचाघातात नेमकी हीच शिवण उसवते. रुग्ण म्हणतो, "मुलगा... गाडी... दवाखाना." सामान्यरूप गेले, प्रत्यय गेला, क्रियापद तर बहुतेक वेळा आलेच नाही. अशा वेळी "नीट वाक्यात सांगा" म्हणून अडवू नका. तीन नामे मिळाली म्हणजे गोष्ट मिळाली. "हो, मुलाने गाडीने दवाखान्यात नेले," असे तुम्ही शांतपणे पूर्ण वाक्य म्हणा. त्यांच्याकडून वदवून घेऊ नका, त्यांना ते ऐकू द्या. शब्द चुकीचेही येतील: "चमचा" म्हणायचे असताना "ताट" किंवा "किल्ली" म्हणायचे असताना "किप्पी". हे शब्द अगदी चुकीचे वाटले तरी ते बरोबर शब्दाच्या शेजारचे असतात, आणि माझ्या दृष्टीने ते चांगले लक्षण आहे.

आता बोलणे परत येईल का, या प्रश्नाकडे येते. पूर्वीसारखे जसेच्या तसे येईल, असे वचन कुणीही प्रामाणिकपणे देऊ शकणार नाही. सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो, कारण त्या काळात मेंदूची सूज उतरते आणि इजेच्या कडेचा अर्धवट बंद पडलेला भाग पुन्हा कामाला लागतो. नंतर वेग मंदावतो, पण सुधारणा थांबत नाही. शेजारचे भाग आणि काही अंशी उजवी बाजू सरावाने हे काम उचलू लागते. इजा किती मोठी आणि सुरुवातीला त्रास किती तीव्र, यांवर पुष्कळ काही अवलंबून असते. "आपोआप येईल" या सल्ल्यात तुमचे पाच महिने गेले, याचे मला वाईट वाटते. पण वेळ टळून गेलेली नाही. जर्मनीत झालेला एक मोठा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात झटक्याला सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ लोटलेले १५६ रुग्ण होते, आणि आठवड्याला किमान दहा तास असे तीन आठवडे वाक्-उपचार घेतल्यावर त्यांच्या रोजच्या बोलण्यात मोजता येईल अशी सुधारणा झाली. नुसती वाट पाहत राहिलेल्या काळात ती झाली नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास दवाखान्यात जाऊन हे तास भरत नाहीत. ते घरातच भरावे लागतात, म्हणून घरात काय होते याला मी उपचाराइतकेच महत्त्व देते.

सर्वात आधी एक गोष्ट बंद करा. तुम्ही लिहिले आहे की "पाणी म्हणा, मग देते" असे आई करते. त्यामागे त्यांची तळमळ आहे, हे मला दिसते. तरीही हे करू नका. तहानलेल्या माणसाला शब्दासाठी अडवले की तो शब्द येण्याऐवजी ताण वाढतो, आणि ताण वाढला की आलेले शब्दही अडतात. पाणी आधी द्या. मग पेला त्यांच्या हातात असताना, अगदी सावकाश, वाक्य अर्धे सोडा: "तहान लागली की आपण पितो..." आणि थांबा. मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. हे दहा अंक घरच्यांना फार लांब वाटतात, पण शब्द शोधायला त्यांना तेवढा वेळ लागतो. नाही आला, तर "पा..." एवढाच पहिला ध्वनी ओठ दिसतील असा द्या. तरीही नाही आला, तर शब्द तुम्ही म्हणा, कागदावर मोठ्या अक्षरात लिहा आणि विषय सोडून द्या. शब्दाभोवती फिरणेही उपयोगी पडते: ते कुठे असते, कशाला लागते, कशाबरोबर येते. हा सराव दिवसातून चार-पाच वेळा, दहा-पंधरा मिनिटांचा, सकाळी ताजेतवाने असताना करा. संध्याकाळी थकल्यावर बोलणे घसरते आणि ते स्वाभाविक आहे.

शब्द कुठले घ्यावेत? लहान मुलांच्या अंकलिपीतले मुळीच नकोत. "क कमळाचा" हा तक्ता मी अनेक घरांत ६०-७० वर्षांच्या माणसांसमोर टांगलेला पाहिला आहे आणि प्रत्येक वेळी मला त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघवले नाही. तुमच्याकडे तर भरलेले दुकान आहे. तूरडाळ, गूळ, रवा, साबुदाणा, शेंगदाणे, काडेपेटी. नेहमीच्या दहा गिऱ्हाइकांची नावे. उधारीच्या वहीतील आकडे. या शब्दांवरून त्यांची जीभ चाळीस वर्षे फिरली आहे. तासभर त्यांना दुकानात आपल्या जागी बसवा. डबा हातात द्या, वास घेऊ द्या, वजन करू द्या. अंक एक ते वीस ओळीने येत असतील तर तीच शिडी वापरा: गुळाचा भाव पंचेचाळीस असेल तर तुम्ही "बेचाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीस..." असे म्हणत थांबा. सुरुवातीला ते पुढे घसरत जातील. योग्य अंकावर थांबणे हाच सराव आहे.

आरतीचाही उपयोग करता येतो, पण नुसती आरती म्हणत राहिल्याने पाणी मागता येऊ लागत नाही, हे स्पष्ट सांगते. बोस्टनमधील उपचारतज्ज्ञांनी १९७३ मध्ये एक पद्धत मांडली. त्यात रोजच्या वापराचे छोटे वाक्य दोन-तीन सुरांच्या साध्या चालीत, डाव्या हाताने प्रत्येक अक्षराला ताल देत, आधी दोघांनी मिळून आणि मग रुग्णाने एकट्याने म्हणायचे असते. पुढे चाल हळूहळू काढून घेतली जाते. "चहा द्या", "बाहेर जाऊ", "नको आता" अशी वाक्ये यासाठी चांगली. सर्वांना याचा सारखाच गुण येत नाही, पण अडखळते बोलणे, बऱ्यापैकी समज आणि सुरांची आवड ज्यांना आहे, अशांवर मी ती पहिल्यांदा करून पाहते, आणि तुमचे वडील त्यांत बसतात.

शब्द येईपर्यंत माणूस मुका राहू नये, याचीही सोय हवी. "हो" आणि "नाही" यांची खात्री आधी करून घ्या, कारण वाचाघातात मनात नाही असताना तोंडून हो निघणे अगदी नेहमीचे आहे. मान किंवा अंगठा तोंडापेक्षा जास्त भरवशाचा असतो. प्रश्न विचारताना टीव्ही बंद ठेवा, समोर बसा, एका वेळी एकानेच बोला, वाक्य छोटे ठेवा. पण आवाज वाढवू नका आणि बोबडेही बोलू नका. पर्याय कागदावर लिहून पुढे ठेवा: भाकरी, भात. मोबाइलमध्ये घरातील माणसांचे, डॉक्टरांचे, दुकानाचे, देवळाचे फोटो एकत्र ठेवा, म्हणजे बोट ठेवून गोष्ट सुरू करता येईल. डाव्या हाताने चित्र काढायला किंवा शब्दाचे पहिले अक्षर लिहायला वही कायम जवळ असू द्या. मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे चुकतील. अर्थ कळला की पुढे चला. आणि भेटायला आलेल्या पाहुण्यांनी "काका कसे आहेत?" हे तुम्हाला न विचारता काकांना विचारावे, असे दारातच सांगा.

भाषेबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण वडिलांच्या आई कन्नड बोलत आणि व्यापाऱ्यांशी ते हिंदी बोलतात, असा उल्लेख आहे. अनेक भाषा बोलणाऱ्याच्या सगळ्या भाषा सारख्या परत येतीलच असे नाही. कधी बालपणीची आधी येते, कधी झटक्याआधी रोज वापरात असलेली. सराव घरातील मराठीत ठेवा, आणि मध्येच कन्नड शब्द निघाला तर तो अडवू नका.

उपचारासाठी भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले वाक्-उपचारतज्ज्ञ शोधा. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच बाळगू नये. मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत चौकशी करा. मुंबईत वांद्र्याला वाचा आणि श्रवण दिव्यांगतेसाठी काम करणारी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. तिथवर जाणे दर वेळी शक्य नसेल, तर पहिली तपासणी समोरासमोर करून पुढचे सत्र व्हिडिओ कॉलवर घेता येते का ते विचारा. त्रास कायम राहिला तर दिव्यांगता प्रमाणपत्राचाही विचार करा: २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात वाचा आणि भाषेच्या दिव्यांगतेची व्याख्या करताना वाचाघाताचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि हे अनेक कुटुंबांना कुणी सांगतच नाही.

रक्तदाब, साखर आणि रक्त पातळ ठेवणारी औषधे डॉक्टरांना न विचारता बंद करू नका. बोलणे किंवा समज अचानक आणखी बिघडली, चेहरा वाकडा झाला, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येते. ते जेवणात मन लावत नसतील, सारखे रडत असतील, भिंतीकडे तोंड करून पडून राहत असतील, तर ती उदासी आहे आणि तिच्यावरही औषध आहे. बोलता येत नसल्याने वडील ती सांगू शकत नाहीत, म्हणून डॉक्टरांना तुम्ही सांगा.

पहिल्या भेटीला जाताना एमआरआयच्या कागदांबरोबर तीन गोष्टी न्या: त्यांचा चष्मा, घरात स्वाभाविकपणे बोलत असतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ, आणि या आठवड्यात "तेच ना" सोडून त्यांच्या तोंडून निघालेल्या प्रत्येक शब्दाची यादी, तो कुठल्या प्रसंगी निघाला त्यासह. शिवी निघाली असेल तर तीही लिहा. नोट मोजतानाची ती परवाची थाप मात्र सर्वात वर लिहा.